गाडीतली सिस्टिम बिघडली? डेक बदलण्याआधी मल्टिमीटर काढा

गाडीतला आवाज बिघडला की आपण दुकान गाठतो. दुकानातला माणूस दोन मिनिटं ऐकतो आणि सांगतो, ‘साहेब, डेक गेलाय.’ डेक म्हणजे डॅशबोर्डमधला स्टीरिओ. कधी अ‍ॅम्प, म्हणजे आवाजाला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर, गेलेला असतो, कधी स्पीकर फाटलेले असतात. तिन्ही खरं असू शकतं. पण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा गेलेली वस्तू याहून फार स्वस्त निघते. ढिला झालेला तारांचा प्लग म्हणजे कपलर, गंजलेलं टर्मिनल, रंगावरच आवळलेला बॉडी अर्थचा, म्हणजे ऋण तार गाडीच्या पत्र्याला जोडणारा, बोल्ट, नाहीतर दाराच्या बिजागरीपाशी आतल्या आत तुटलेली तार. गाडी सतत हादरते, उन्हात तापते, पावसात भिजते. अशा ठिकाणी आधी सांधे दगा देतात, डबे त्यानंतर. म्हणून डबा बदलायला हो म्हणण्याआधी सांधा तपासून घ्यावा. त्यासाठी लागतो व्होल्टेज, करंट आणि विरोध मोजणारा एक साधा डिजिटल मल्टिमीटर, जो पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळतो, आणि थोडा धीर.

आधी प्रश्न, मग पाना

आवाजाचा रस्ता सरळ आहे. फोन किंवा एफएमकडून सिग्नल डेकमध्ये येतो. वेगळा अ‍ॅम्प असेल तर डेकमधून आरसीए केबलने, म्हणजे सिग्नल नेणाऱ्या पिनांच्या केबलने, अ‍ॅम्पकडे जातो आणि तिथून तारांनी स्पीकरकडे. या सगळ्यांना बॅटरी आणि गाडी चालू असताना इंजिनाने फिरणारा जनरेटर, म्हणजे अल्टरनेटर, वीज पुरवतात. सोसायटीत वरच्या मजल्यावर पाणी येत नसेल तर चांगला प्लंबर नळ फोडत बसत नाही. आधी टाकीत पाणी आहे का ते बघतो, मग मधला व्हॉल्व्ह, आणि दर पायरीला निम्मी पाइपलाइन संशयातून सुटते. इथेही तेच करायचं आहे.

त्रास एकाच स्पीकरमध्ये आहे की सगळ्यांत? इंजिन बंद असताना होतो की चालू असतानाच? फक्त ब्लूटूथवर होतो की एफएमवरही? या तीन उत्तरांनीच बरंच काम होतं. फक्त ब्लूटूथवर आवाज अडखळत असेल तर स्पीकरला हात लावायचं कारणच नाही. फक्त एफएम खरखरत असेल तर आधी सिगारेट लायटरच्या सॉकेटमधला यूएसबी चार्जर आणि डॅशकॅमची पिन काढून बघा. स्वस्त चार्जरमधलं सर्किट एफएमच्या पट्ट्यातच गोंगाट सोडतं. नवा डेक बसवल्यापासून स्टेशनं नीट लागत नसतील तर डेकची निळी तार बघा. बऱ्याच गाड्यांत छतावरच्या अँटेनाच्या बुडाशी छोटा बूस्टर असतो आणि त्याला वीज या निळ्या तारेतून मिळते. ती जोडायची राहून गेली की जवळचं स्टेशनही खरखरतं.

आवाज डावी-उजवीकडे नेणारा बॅलन्स आणि पुढे-मागे नेणारा फेडर ही तुमच्याकडे आधीपासून असलेली चाचणीची साधनं आहेत. आवाज एकेका कोपऱ्यात न्या आणि नेमका कुठला स्पीकर रडतोय ते शोधा. अ‍ॅम्प असेल तर सिस्टिम पूर्ण बंद करून अ‍ॅम्पकडच्या डाव्या-उजव्या आरसीए पिनांची अदलाबदल करा. दोष डावीकडून उजवीकडे गेला तर तो आरसीए केबलमध्ये किंवा डेकमध्ये आहे. जागेवरच राहिला तर अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या पुढे. ही अदलाबदल सिस्टिम चालू असताना मात्र कधीच करू नका. काही डेकमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कड्याशी जोडलेला तांदळाच्या दाण्याएवढा फ्यूज असतो. तो अशा वेळी उडतो, आणि मग जी शिट्टी सुरू होते ती डेक उघडल्याशिवाय जात नाही.

स्पीकर खरंच फाटलाय का?

स्पीकरच्या दोन्ही तारा सोडवा आणि मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवून टर्मिनलला लावा. ४ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ ओहम दाखवतो. छापील ४ हा आकडा वाजतानाच्या विरोधाचा आहे. नुसत्या तारेचा विरोध त्याहून थोडा कमीच भरतो, त्यामुळे ३.५ बघून घाबरू नका. मीटरवर डावीकडे नुसता १ किंवा ‘ओएल’ आलं तर आतली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, तुटली. शून्याच्या आसपास आलं तर कॉइल जळून आपसात चिकटली, आणि असा स्पीकर जोडून ठेवला तर तो अ‍ॅम्पलाही घेऊन जाईल.

मीटर ठीक दाखवतोय, पण आवाज फाटतोय? मग दोन्ही अंगठे कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, मध्याच्या दोन बाजूंना समान ठेवून हळूच आत दाबा. कोन लोण्यासारखा सरकायला हवा. खस्स करून घासल्याचं जाणवलं तर कॉइल वाकडी झाली आहे किंवा चुंबकाच्या फटीत गंज शिरला आहे. नाकही वापरा. जळलेल्या कॉइलचा वास एकदा घेतला की विसरत नाही.

आता असा दोष, ज्यात सगळे भाग चांगले असतात आणि तरी आवाज भिकार लागतो. चार स्पीकरपैकी एकाच्या दोन तारा उलट्या जोडलेल्या असतात. एक कोन पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं लागतं आणि गायकाचा आवाज समोरून न येता कानाभोवती भिरभिरतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. बॅलन्स पूर्ण एका बाजूला न्या. एकच बाजू वाजवल्यावर बेस वाढला, तर कुठेतरी तारा उलट्या आहेत. खात्रीसाठी १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, स्पीकरच्या तारा डेककडून सोडवा आणि सेल क्षणभर टेकवा. धन टोक धन तारेला लागलं की कोन बाहेर उडी मारतो. आत गेला तर तारा उलट्या. ही चाचणी खालचे सूर वाजवणाऱ्या वूफरवरच करा, वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या ट्वीटरवर नको.

डेकच्या बाजारी वायरिंगमध्ये रंग ठरलेले आहेत, ते लिहून ठेवा. पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्याच रंगावर काळी रेघ म्हणजे ऋण. पिवळ्या तारेत कायम बारा व्होल्ट, लाल तारेत किल्ली फिरवल्यावर, काळी बॉडी अर्थ. किल्ली काढली की घड्याळ आणि स्टेशनं विसरणारा डेक बिघडलेला नसतो, त्याच्या पिवळ्या आणि लाल तारा बहुधा अदलाबदल झालेल्या असतात. हे रंग बाजारी डेकचे. गाडीच्या कंपनीच्या मूळ वायरिंगचे रंग वेगळे असतात, म्हणून तारा कापून जोडू देऊ नका. तुमच्या मॉडेलचा कपलर मागा. तो स्वस्त असतो, आणि मूळ वायरिंग कापलं की वॉरंटीच्या दाव्यात अडचण येते ती वेगळीच.

दार उघडताना-मिटताना आवाज जात-येत असेल तर बिजागरीपाशी दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी बघा. हजारो वेळा वाकून तिच्यातली तांब्याची तार तुटते, वरचं प्लास्टिक मात्र अखंड राहतं. गाणं लावून दार सावकाश हलवा; ज्या ठिकाणी आवाज तुटतो तिथे तार हाताने चाचपली की मऊ लागते.

आणि पाऊस. काच खाली-वर होते त्या फटीतून पाणी दाराच्या पोटात जाणारच, गाडी तशीच बनवलेली असते. दाराच्या तळाशी निचऱ्याची भोकं असतात आणि आतल्या पॅनलच्या मागे एक प्लास्टिकचा पडदा असतो, जो ते पाणी स्पीकरच्या मागच्या बाजूपासून आणि केबिनपासून लांब ठेवतो. स्पीकर बदलताना घाईत हा पडदा फाडतात आणि परत चिकटवत नाहीत. मग कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे झाले की टर्मिनलवर हिरवट पूड धरते, कागदी कोन फुगतो आणि आवाज बसतो. नवे स्पीकर बसवून घेताना शेजारी उभे राहा आणि पॅनल लावण्याआधी पडदा चिकटवला का ते स्वतः बघा. निचऱ्याची भोकं पावसाळ्याआधी काडीने मोकळी करा. आपल्याकडे पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकचा कोन कागदापेक्षा शहाणपणाचा ठरतो.

इंजिनासोबत चढणारी शिट्टी

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून ‘उंईं’ असा बारीक सूर येतो आणि इंजिनाच्या वेगाबरोबर वर चढतो. हा अल्टरनेटरचा आवाज. अल्टरनेटर मुळात उलटसुलट वाहणारी वीज बनवतो आणि डायोड ती एका दिशेला वळवतात, पण तिच्यात थोडी लहर उरतेच. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी ती लहर जलद, म्हणून सूर चढतो.

ती स्पीकरपर्यंत पोचते कशी, हे समजलं की उपाय आपोआप सुचतो. डेकचा अर्थ डॅशबोर्डमागे जोडलेला असतो, अ‍ॅम्पचा डिकीत. दोन्ही एकाच पत्र्याला आहेत म्हणून आपण ते सारखेच धरतो. पण त्या पत्र्यातून सगळ्या गाडीचा परतीचा करंट वाहत असतो आणि जिथे सांधा कच्चा आहे तिथे थोडा व्होल्टेज पडतो. म्हणजे डिकीतला ‘शून्य’ आणि डॅशबोर्डचा ‘शून्य’ एक नसतो. आरसीए केबलची बाहेरची जाळी या दोन शून्यांना जोडते, आणि त्यांच्यातला फरक गाण्यात मिसळतो.

एका मित्राच्या जुन्या वॅगनआरमध्ये हीच शिट्टी होती आणि दुकानाने नव्या अ‍ॅम्पचा आकडा सांगून ठेवला होता. अ‍ॅम्पची काळी तार मागच्या सीटच्या बोल्टखाली आवळली होती. तार जाड, टोकाची कडी म्हणजे लग चकचकीत, वरून पाहिलं तर काम झकास. मीटरचा एक वायर लांब करून बॅटरीच्या ऋण टोकाला लावला, दुसरा अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला, आणि गाणं जोरात लावलं. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं, ०.१ व्होल्टच्या आत. मीटर प्रत्येक ढोलाला अर्ध्या व्होल्टच्या पुढे उडत होता. बोल्ट काढल्यावर खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा होता. करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा जात होता. शेजारी पत्र्यावर नाण्याएवढी जागा कोऱ्या धातूपर्यंत घासली, तिथे काटेरी वॉशरसह लग आवळला आणि वरून गंज धरू नये म्हणून ग्रीस लावलं. शिट्टी गेली. खर्च सँडपेपरचा.

अर्थ पक्का असूनही शिट्टी राहिली तर सिस्टिम बंद करून अ‍ॅम्पवरून आरसीए काढा आणि पुन्हा चालू करा. शिट्टी थांबली तर ती केबल किंवा डेकमधून येते आहे. आरसीए केबल पॉवरच्या तारेला बिलगून ओढली आहे का ते बघा, या दोन तारा गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्यायच्या असतात. काढूनही वाजत राहिली तर अ‍ॅम्पची वीज किंवा अ‍ॅम्प स्वतः. दुकानात मिळणारा ‘नॉइज फिल्टर’ म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर हा अगदी शेवटचा उपाय. त्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि स्वस्तातले खालचा बेस खातात.

अ‍ॅम्पवर लाल दिवा लागून तो गप्प बसला, म्हणजे प्रोटेक्टमध्ये गेला, तर सगळ्या स्पीकर तारा सोडवा. दिवा विझला तर दोष स्पीकरमध्ये किंवा कुठेतरी पत्र्याला टेकलेल्या तारेत. न विझला तर अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर १२ व्होल्ट पोचतात का ते मोजा. पोचत असतील तर मात्र अ‍ॅम्प कारागिराकडे न्या.

रात्रीत बॅटरी उतरते ही तक्रारही बऱ्याचदा इथलीच. अ‍ॅम्पला जागं करणारी निळी-पांढरी तार डेकऐवजी कायमच्या विजेला जोडली की अ‍ॅम्प झोपतच नाही. नुसता जागा राहूनही तो सुमारे एक अँपिअर ओढू शकतो. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासाची बॅटरी त्या हिशोबाने दीड दिवसात रिकामी, आणि गाडी सुरू न होण्याइतकी उतरायला तेवढाही वेळ लागत नाही. गाडी बंद करून अर्धा तास थांबल्यावर सगळ्या गाडीचा मिळून ५० मिलिअँपिअरच्या आत करंट जायला हवा.

वॅट वाचायचे कसे

खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असं असतं. हा आकडा कुठून येतो ते पाहण्यासारखं आहे. गाडी चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. डेकमधली चिप स्पीकरची दोन्ही टोकं चालवते, त्यामुळे स्पीकरला दोन्ही दिशांना १४.४ व्होल्टपर्यंत झोका देता येतो. स्वच्छ सूर वाजवला तर त्याचा परिणामकारक (आरएमएस) व्होल्टेज सुमारे १०.२. त्याचा वर्ग भागिले ४ ओहम, म्हणजे २६ वॅट, आणि हे कागदावरचं टोक. चिपमधली गळती वजा जाता हातात येतात १५ ते २० वॅट. मग ५० कसे? आवाज इतका वाढवा की सूर फाटून चौकोनी लाट होईल. आता १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे जवळपास ५२. खोक्यावरचा आकडा असा फाटक्या आवाजाचा आहे. तो खोटा नाही, पण गाणं ऐकायला निरुपयोगी आहे. तुम्ही आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या स्वच्छ पॉवरचा, आकडा वाचा.

आरएमएस लिहिलेलंच नसेल तर मागचा फ्यूज बघा, तो सहसा खरं बोलतो. १० अँपिअरच्या फ्यूजमधून १४.४ व्होल्टला सतत १४४ वॅट आत जातात. त्यातून सतत २०० वॅट बाहेर पडणं शक्य नाही. अ‍ॅम्पवर ‘२००० वॅट’ छापलंय आणि फ्यूज २५-२५ चे दोन आहेत? ५० अँपिअर गुणिले १४, म्हणजे आत ७०० वॅट. क्लास एबी प्रकारच्या अ‍ॅम्पमध्ये त्यातले साधारण निम्मे उष्णतेत जातात. क्लास डी प्रकारात ८० टक्क्यांच्या आसपास हाती लागतात. कुठल्याही हिशोबाने २००० होत नाहीत. अमेरिकेतलं सीटीए-२००६ हे प्रमाण या घोळावरच काढलेलं आहे. त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आत विकृती (डिस्टॉर्शन) अशा अटींवर पॉवर मोजतात. अ‍ॅम्पच्या कागदावर हे नाव दिसलं तर आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

तारेतही फसवणूक आहे. जाडजूड दिसणाऱ्या स्वस्त ‘अ‍ॅम्प किट’मधली तार बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिची वाहकता शुद्ध तांब्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असते. तारेतला केसासारखा एक धागा ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर अ‍ॅल्युमिनियम. बाहेरून चंदेरी आणि आत लाल असेल तर ती कल्हई केलेली तांब्याची तार, दमट हवेसाठी उलट जास्त चांगली.

अ‍ॅम्पवरचा गेनचा नॉब म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. डेकचा सिग्नल जितका अशक्त तितका गेन जास्त लागतो, एवढंच त्याचं काम. तो पूर्ण फिरवून ठेवला की आवाज लवकर फाटतो, आणि फाटक्या सिग्नलची उष्णता आधी ट्वीटर जाळते. बसवायची रीत अशी. स्पीकरच्या तारा सोडवा, बेस बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर ठेवा, फिल्टर बंद करा, डेकचा आवाज तीन चतुर्थांशावर न्या आणि ५० हर्ट्झचा टेस्ट टोन वाजवा. घरच्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झच असल्यामुळे साधा मल्टिमीटर या सुराला नीट मोजतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा. हवा असलेला आकडा म्हणजे वॅट गुणिले ओहमचं वर्गमूळ. १०० वॅट आणि ४ ओहमला २० व्होल्ट. गेन अगदी कमीपासून हळूहळू वाढवा, तिथे पोचलात की थांबा आणि तारा परत जोडा.

एवढं झाल्यावर कान. दुकानात ऐकवतात ती बेसने भरलेली गाणी परीक्षेला चालत नाहीत, त्यांत सगळं काही चांगलंच वाजतं. ढोलकीचा एखादा स्वच्छ तुकडा पेनड्राइव्हवर न्या. शाईच्या पुडीची कडक थाप आणि दुसऱ्या पुडीचा घुमारा वेगवेगळे ऐकू यायला हवेत. घुमारा लांबत राहिला तर दाराचा पत्रा वाजतोय, स्पीकर नाही. पत्र्याला ब्युटिल रबराची चिकट पट्टी लावली तर महागड्या स्पीकरपेक्षा जास्त फरक पडतो. मग आकाशवाणीच्या बातम्या लावा. माणसाचा साधा बोलण्याचा आवाज आपले कान आयुष्यभर ऐकत आलेत, त्यामुळे तो जरा नाकात गेला किंवा मडक्यात घुमला तरी लगेच कळतं. निवेदक डॅशबोर्डच्या मध्यावर बसल्यासारखा वाटला पाहिजे.

गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडायला सांगा. अ‍ॅम्पची लाल तार बॅटरीच्या धन टोकापासून निघते, तिच्यावर ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज हवा. अ‍ॅम्पमधला फ्यूज अ‍ॅम्पला वाचवतो, हा तारेला वाचवतो. पत्र्याच्या भोकातून जाताना रबर नसेल तर तार घासून कधीतरी पत्र्याला टेकते, आणि मध्ये फ्यूज नसेल तर सगळी बॅटरी त्या एका तारेतून ओतली जाऊन तार पेटते. फ्यूज आणि भोकातलं रबर दोन्ही दिसेपर्यंत गाडी दुकानासमोरून हलवू नका.